क्वीनचा सुरुवातीचा गिटारवृंद घरी कसा उभा करायचा

१९७३ च्या पहिल्याच अल्बमवर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने छापलं होतं की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. सिंथेसायझरसारखे वाटणारे ते सूर बँडचा गिटारवादक ब्रायन मेच्या गिटारचे होते, थरावर थर चढवलेले. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेल्या ‘किलर क्वीन’चा सोलो हा त्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना. तो आधी कानात मुरू द्या.

मेने वडिलांसोबत घरी बनवलेल्या गिटारचे तीन पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारे भाग) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले आहेत. त्याची नेहमीची जोडी म्हणजे ब्रिजजवळचा आणि मधला, इन-फेज, म्हणजे दोघांचे संकेत एकमेकांना न मारता मिळतात असे. स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) हीच जोडी लावली तर आवाज बारीक येतो, कारण तिथे जोडणी पॅरलल, म्हणजे समांतर, असते. जमलं तर सिरीजचा स्विच बसवून घ्या.

पिक म्हणून तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. आपल्याकडे तांबे-निकेलची जुनी चवन्नी मिळाली तर उत्तम: आकार जवळपास तोच, कडाही कंगोरेदार. स्टीलची नको, कडक असते. नाणं सैल धरा आणि तारेला तिरकं लावा.

पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उचलून देणारं छोटं उपकरण) आणि वॉक्स एसी३० या गिटार अ‍ॅम्पचं नॉर्मल चॅनेल. अ‍ॅम्प पूर्ण उघडा; आवाज गिटारच्या नॉबवरूनच कमी-जास्त करा. बूस्टर खर्ज आधीच छाटतो, म्हणून तीन थर एकत्र आले तरी सूर वेगळे राहतात. जाड डिस्टॉर्शन पेडलने त्यांचा चिखल होतो. थरांसाठी मे, बँडचा बासवादक जॉन डीकनने टाकाऊ सर्किट बोर्डपासून बनवलेला, ९ व्होल्टच्या बॅटरीचा छोटा अ‍ॅम्प वापरायचा. तेव्हा लहान अ‍ॅम्पपुढे माइक लावायला बिचकू नका.

आता थर. पहिल्या ट्रॅकवर सा रे ग, दुसऱ्यावर ग म प, तिसऱ्यावर प ध नी. हे हार्मनी पेडलवर, म्हणजे वाजवलेल्या सुराला आपोआप दुसरा सूर जोडणाऱ्या उपकरणावर, सोपवताना सावध राहा: चार अर्धस्वरांचं ठरावीक अंतर लावलं तर ‘रे’वर शुद्धऐवजी तीव्र मध्यम येतो आणि ‘ग’वर पंचमाऐवजी कोमल धैवत. प्रत्येक ओळ हातानेच वाजवा, दर टेकआधी गिटार सुरात लावा. मींड आणि कंप तिन्ही ट्रॅकवर एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत. बहुतेकांचं इथेच बिघडतं. मग मिक्स करताना एक ट्रॅक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे.

घंटांसारखा परिणाम हवा असेल तर सा, ग, प एकत्र छेडू नका. एकेक ट्रॅक पाठोपाठ आत येऊ द्या आणि प्रत्येक सूर शेवटपर्यंत धरून ठेवा.