चारशेनं वरच्याला बरोबरीत कसं धरायचं

शहापुरात माझं साड्यांचं दुकान आहे, बुद्धिबळातलं रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) १५१२. हुबळीच्या १९०४ रेटिंगच्या चौदा वर्षांच्या पोराशी गाठ पडली तेव्हा ओळखीचे एक काका म्हणाले, "मारामारी करून मोहरे संपवा की, आपोआप ड्रॉ होतंय." हे अजिबात ऐकू नका. पट मोकळा झाला की अंत्यडाव, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांचा शेवटचा खेळ उरतो, आणि तिथंच वरचा खेळाडू तुम्हाला सोलतो. त्याचा कामाचा मोहरा जात असेल तरच अदलाबदल करा. दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर उरत असतील तर मात्र खुशाल करा. एखादं प्यादं कमी असलं तरी बऱ्याचदा तगता येतं.

घड्याळ सांभाळा. सुरुवातीलाच विचारात वेळ घालवला, की शेवटी प्रत्येक चालीमागं मिळणाऱ्या ३० सेकंदांवर दिवस काढावे लागतात.

एक शेवट मात्र पाठच हवा, फिलिडोर, म्हणजे हत्ती आणि प्याद्याविरुद्ध नुसत्या हत्तीनं बरोबरी राखायची रीत. माझा डाव वाचला तो त्यावरच. त्याचा राजा डी-५ वर, प्यादं ई-५ वर, दोघांकडं एकेक हत्ती. माझा राजा ई-८ वर, प्याद्याच्या वाटेतच. अशा वेळी हत्ती सहाव्या ओळीत आडवा ठेवायचा, म्हणजे त्याच्या राजाला पुढं येता येत नाही. तो हत्ती फिरवत बसला तर आपणही त्याच ओळीत फिरवायचा. कंटाळून त्यानं प्यादं ई-६ ला ढकललं, की लगेच हत्ती थेट पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. त्याच्या राजाची प्याद्यापुढं लपायची जागा गेलेली असते. ढकलण्याआधीच हत्ती खाली नेलात तर बचाव फार अवघड होतो.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल खेळू नका. आधी कागदावर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. पूर्वी एकदा मी चाल खेळून, घड्याळ दाबून मग हात वर केला होता. हक्क गेला, डावही गेला.

ड्रॉ विचारायचा तर चाल खेळल्यावर, घड्याळ दाबण्याआधी, आणि एकदाच. सारखं विचारणं म्हणजे घाबरल्याची कबुली, शिवाय तो त्रासही धरतात. मी विचारलंच नाही. शहांना वैतागून पोरानंच विचारलं. ड्रॉ मराठीत काय, कन्नडमध्ये काय, ड्रॉच.

३९२च्या फरकाला माझ्याकडून अपेक्षा ०.०८ गुणाची, मिळाला अर्धा. माझा के (एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) २०, म्हणजे ८.४ रेटिंग वाढलं. सही करून पोरगं बापाला हत्ती कुठं चुकला ते दाखवायला लागलं. मीही उभा राहून ऐकलं.