एनसीसीच्या उन्हाळी शिबिराला जाताना: पहिल्यांदा निघालेल्या कॅडेटसाठी

राष्ट्रीय छात्र सेनेचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनसीसीचे, वार्षिक प्रशिक्षण शिबिर दहा दिवसांचे असते. परीक्षा आटोपून सुट्टी लागली की महाराष्ट्रातल्या अनेक बटालियन आपापली शिबिरे घेतात. गोव्यातले कॅडेट कर्नाटक आणि गोवा संचालनालयाखाली येत असल्यामुळे त्यांचे शिबिर त्या संचालनालयाच्या वेळापत्रकानुसार होते. 'ए' आणि 'बी' प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान एक शिबिर पूर्ण केलेले असावे लागते आणि 'सी'साठी साधारणपणे दोन लागतात, म्हणून बहुतेक जण प्रथम प्रमाणपत्राच्या निमित्तानेच नाव नोंदवतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र या दहा दिवसांचा आनंद मनापासून घ्यायचा असेल, तर तयारी निघण्याच्या आदल्या रात्री न करता तीन आठवडे आधी सुरू करावी, आणि ती पायांपासून करावी, असे मला अनुभवाने वाटते.

माझ्या पहिल्या शिबिराच्या आदल्या दिवशी मला नवे कोरे बूट मिळाले आणि तेच घालून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या ड्रिलला उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले आणि पुढचे दोन दिवस मी चपला घालून मैदानाच्या कडेला बसून माझ्याच कंपनीची, म्हणजे कॅडेटांच्या तुकडीची, कवायत पाहत राहिलो. ते दोन दिवस मला अजून सलतात. म्हणून बूट हातात पडले की ते रोज अर्धा-पाऊण तास घरात आणि मग अंगणात घालून चालावे, म्हणजे टाचेकडचा कडक भाग हळूहळू मऊ होतो. मोजे सुती आणि जाडसर असावेत, किमान चार जोड सोबत घ्यावेत, आणि ओला मोजा कोणत्याही परिस्थितीत पुन्हा पायात चढवू नये. टाच हुळहुळू लागताच, म्हणजे फोड येण्याआधीच, तिथे चिकटपट्टी लावावी. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून झोपावे. एवढे जो सांभाळतो, त्याचे निम्मे शिबिर तिथेच सुखाचे होते.

बुटांना चमक आणण्याचेही एक तंत्र आहे. आधी ब्रशने धूळ पूर्ण काढून पॉलिशचा पातळ थर द्यावा आणि तो दहा मिनिटे सुकू द्यावा. मग बोटाला मऊ सुती कापड घट्ट गुंडाळून त्यावर किंचित पॉलिश आणि पाण्याचा एखादा थेंब घ्यावा, आणि बुटाच्या पुढच्या टोकावर लहान लहान गोल फिरवीत राहावे. पहिल्या दिवशी फारसे काही दिसत नाही, परंतु रोज दहा मिनिटे दिली तर आठवड्याभरात त्या टोकात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब उमटू लागते. बेरेचे, म्हणजे गणवेशातल्या गोल मऊ टोपीचेही, तसेच आहे. नवी बेरे डोक्यावर ताटलीसारखी उभी राहते, म्हणून ती कोमट पाण्यात भिजवून, हलकेच पिळून डोक्यावर घालावी, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आणून उरलेले कापड उजव्या बाजूला खाली ओढावे आणि आकार धरेपर्यंत तशीच वाळू द्यावी.

शरीराच्या तयारीसाठी वेगळ्या व्यायामशाळेची गरज नाही. पहाटे पाचला उठण्याची सवय तीन आठवडे आधी लावून घ्यावी, सुरुवातीला दोन किलोमीटर चालणे, मग चालणे आणि धावणे आलटून पालटून, आणि सोबत उठाबशा व जोर, इतके पुरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उन्हाशी ओळख करून घेणे, कारण पंख्याखाली बसून राहिलेल्या शरीराला मे महिन्यातले मैदान एकदम सोसत नाही. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात थोडा वेळ चालायची सवय असलेला कॅडेट परेडमध्ये सहसा भोवळ येऊन पडत नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी सोपे आहे. पालकांचे संमतीपत्र, वैद्यकीय दाखला, ओळखपत्र, आधार व बँक पासबुकाच्या प्रती आणि दोन-चार फोटो, असे तुमचे एएनओ (शाळा-कॉलेजातले एनसीसी पाहणारे शिक्षक) सर किंवा मॅडम जे सांगतील ते एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे. दमा, फिट, कशाची ॲलर्जी किंवा चालू असलेले औषध, यातले काहीही लपवू नये. शिबिरातून परत पाठवतील या भीतीने मुले दम्याचा पंप बॅगेच्या तळाशी दडवून ठेवतात आणि नेमक्या धावण्याच्या वेळी तो हाताशी नसतो.

सामानात सतरंजी, चादर, मच्छरदाणी, ताट, वाटी, मग, पाण्याची बाटली, विजेरी, सुई-दोरा, जास्तीची बटणे, कुलूप आणि कपडे वाळवायला दोरी असावी. खाकी सगळ्यांची सारखीच दिसते, त्यामुळे शर्ट, पँट, मोजे, अगदी मगवरसुद्धा न पुसल्या जाणाऱ्या शाईने नाव आणि क्रमांक लिहावा. मोबाइल बहुधा जमा करून घेतात, म्हणून घरचे दोन क्रमांक पाठ करावेत आणि साधे मनगटी घड्याळ घ्यावे. मुलींनी केसांची जाळी आणि काळ्या पिना भरपूर घ्याव्यात, सॅनिटरी पॅड गरजेपेक्षा जास्त ठेवावेत, आणि पाळीत त्रास होत असेल तर जीसीआय मॅडमना, म्हणजे मुलींच्या प्रशिक्षिकेला, निःसंकोच सांगावे. त्यांना ते सांगण्यात कमीपणा मुळीच नाही.

शिबिरात पोचल्यावर पहिला दिवस नोंदणीत, सामान लावण्यात आणि अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशा कंपन्यांत विभागणी होण्यात जातो. आपल्या कॉलेजचे मित्र दुसऱ्या कंपनीत गेले म्हणून अनेकांचा चेहरा उतरतो. तसे होऊ देऊ नये. शेजारच्या सतरंजीवर जो आला आहे, त्याचे नाव आणि गाव त्याच संध्याकाळी विचारून घ्यावे, कारण फॉल-इनच्या, म्हणजे रांगेत उभे राहण्याच्या, घाईत तुमची बेरे सरळ करणारा आणि लंगरच्या, म्हणजे जेवणाच्या, रांगेत तुमची जागा धरून ठेवणारा तोच असतो. पहिल्या दोन रात्री घरची आठवण येऊन झोप लागत नाही, पण तिसऱ्या दिवसापासून अंग इतके दमते की पाठ टेकताच डोळा लागतो.

ड्रिलमध्ये हुकूम हिंदीत असतात. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये तीस अंशांचा कोन, विश्राममध्ये दोन पायांत बारा इंच अंतर, एवढे घरी आरशासमोर पक्के करून गेले तर मैदानावर उस्तादांचे, म्हणजे कवायत शिकवणाऱ्यांचे, लक्ष पुढच्या गोष्टींकडे जाते. फार वेळ सावधानमध्ये उभे राहावे लागले तर गुडघे ताठ आवळून धरू नयेत आणि बुटाच्या आत पायाची बोटे हलवत राहावे, म्हणजे पायातले रक्त वर चढत राहते. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता जागच्या जागी खाली बसावे. न्याहारी टाळून परेडला जाऊ नये, आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला पाणी प्यावे.

ज्या दिवसाची सगळे वाट पाहतात तो फायरिंगचा. पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या, समोर पंचवीस यार्डांवर टार्गेट, आणि तुम्ही जमिनीवर पालथे. इथे जोर लावणाऱ्याचा नेम चुकतो. रायफलचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवावा, डावे कोपर रायफलच्या शक्य तितके खाली आणावे, मागच्या खाचेच्या मधोमध पुढच्या साइटचे टोक आणून ते टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या बुडाशी टेकवावे. नजर त्या टोकावर ठेवावी, काळे वर्तुळ थोडे धूसर दिसले तरी चालेल. मग श्वास घेऊन अर्धा सोडावा, तिथेच थांबावे, आणि ट्रिगर झटका न देता लिंबू पिळावे तसा हळूहळू दाबावा. गोळी कधी सुटली हे तुमचे तुम्हालाच थोडे उशिरा कळले, तर दाब बरोबर होता असे समजावे. पाचही गोळ्या काळ्यात गेल्या नाहीत तरी त्या एकमेकींजवळ लागल्या असतील तर ते चांगले ग्रुपिंग आहे. रायफलची नळी मात्र रिकामी असली तरी कोणाकडेही वळवू नये, आणि हुकमाआधी ट्रिगरला बोट लावू नये.

नकाशावाचन अनेकांना रुक्ष वाटते. तरीही सहा अंकी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या जागेचा आकड्यांतला पत्ता, काढणे आणि होकायंत्राने दिशा घेणे त्याच वेळी शिकून घ्यावे, कारण पुढे गडावर किंवा जंगलात भटकंती करताना तेच उपयोगी पडते आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेत त्याचे गुण हमखास मिळतात.

संध्याकाळचे खेळ आणि रात्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम यांत नाव देताना मागेपुढे पाहू नये. गळा गोड नसला तरी पोवाड्याच्या कोरसमध्ये आवाज चालतो, लेझीमला तर पाय आणि मनगटच लागते, आणि ज्या कंपनीसाठी आपण रात्री दहापर्यंत तालीम करतो, तिच्यासाठी सकाळी ड्रिल स्पर्धेत पाऊल आपोआप जुळू लागते.

शेवटच्या दिवशी निघण्याच्या गडबडीत दोन गोष्टी विसरू नयेत. वापरायला मिळालेले साहित्य मोजून परत करावे आणि त्याची नोंद आपल्यासमोर झालेली पाहावी. शिबिराचे प्रमाणपत्र हाती येताच त्यावरचे आपले नाव, रेजिमेंटल क्रमांक आणि तारखा तिथेच उभे राहून वाचाव्यात, कारण नावातला एक चुकलेला काना शिबिराच्या कार्यालयात दहा मिनिटांत दुरुस्त होतो आणि 'बी' परीक्षेच्या अर्जाच्या वेळी त्याच कान्यासाठी बटालियनच्या फेऱ्या माराव्या लागतात.