कॅम्पर व्हॅनमधील आंघोळ : आधी पाणी मोजावे, मग गाडी बांधावी

कॅम्पर व्हॅन तयार करायला घेणारे बहुतेक जण पलंगाची लांबी आणि ओट्याची जागा आधी ठरवतात आणि पाण्याची टाकी उरलेल्या कोपऱ्यात बसवतात. हा क्रम उलटा असायला हवा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि तेही घाटातल्या प्रत्येक वळणावर एका बाजूला धावणारे. ते कुठे बसेल हे ठरल्याशिवाय सुताराला बोलावण्यात अर्थ नाही. पुढील विवेचनात फोर्स ट्रॅव्हलर ३३५० ही गाडी (हा आकडा पुढच्या व मागच्या आसांमधील अंतराचा, मिलिमीटरमध्ये), दोन माणसे आणि नळाशिवाय काढायचे तीन दिवस गृहीत धरले आहेत.

कायद्याची बाजू प्रथम उरकून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आसने काढणे किंवा छत कापणे यांसारखे कायमचे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओमध्ये चौकशी करावी. गॅरेजवाला ‘काही होत नाही’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नये. आरसीवर रिकाम्या गाडीचे आणि भारासहित गाडीचे वजन दिलेले असते; त्या दोहोंमधील फरकात माणसे, फर्निचर, बॅटरी आणि पाणी हे सगळे बसले पाहिजे.

आता हिशेब. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ५ लिटर धरले तर तीन दिवसांचे ३० लिटर होतात. भांड्यांना रोजचे ५ लिटर, म्हणजे १५. आंघोळीला माणशी साडेसहा लिटर धरल्यास ३९. एकूण ८४ लिटर. घरच्या साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी पडते, म्हणजे तीन दिवसांच्या आंघोळीचे हे पाणी त्याखाली चार-पाच मिनिटांत संपेल. ८४ लिटरसाठी ७० लिटरची एक बसती टाकी आणि पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा वेगळा जार ही जोडी सोयीची पडते. जार वेगळा ठेवण्याचे कारण असे की टाकीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरावे लागले तरी पिण्याचे पाणी त्यात मिसळत नाही.

टाकी खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकची, पाणी हिंदकळू नये म्हणून आत आडपडदे असलेली घ्यावी आणि ती दोन्ही आसांच्या मधोमध, शक्य तितकी खाली बसवावी. मागच्या दाराजवळ, मागील आसाच्याही पलीकडे टाकी ठेवण्याचा मोह होतो, कारण नळी आखूड लागते. परंतु त्यामुळे पुढच्या चाकांवरील भार कमी होऊन घाटात स्टेअरिंग हलके लागते. टाकी नुसत्या प्लायवर स्क्रूने न आवळता लोखंडी पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला बांधावी. ओल पोहोचेल तेथे आयएस ७१० या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लायच वापरावा आणि त्याच्या कापलेल्या कडा न विसरता सीलबंद कराव्यात, कारण कोकणातल्या पावसाळ्यात प्लाय फुगायला सुरुवात होते ती कडेपासून.

पाणी वाचवण्यातली मुख्य गोष्ट मात्र नळ किंवा शॉवर कोणत्या कंपनीचा आहे, यावर ठरत नाही. आंघोळीचे पाणी मोठ्या टाकीतून थेट ओढायचेच नाही, ही ती गोष्ट. साडेसहा लिटर पाणी झाकणाच्या बादलीत मोजून घ्यावे आणि शॉवर त्या बादलीला जोडावा. पाणी किती उरले हे डोळ्यांसमोर दिसले की हात आपोआप आखडतो. टाकी भिंतीमागे असेल तर कोणाचाच आखडत नाही. आपल्याकडे तांब्या-बादलीची सवय असल्यामुळे हे जमायला जड जात नाही.

यासाठी लागणारा पंप कृषी सेवा केंद्रात मिळतो. बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टचा लहान डायफ्राम पंप असतो आणि तो सुटा भाग म्हणूनही विकला जातो. तो नवाकोराच घ्यावा. औषध फवारलेल्या पंपाचा कोणताही भाग, कितीही धुतला तरी, अंगावर घ्यायच्या पाण्याच्या वाटेत नको. हा पंप मिनिटाला साधारण तीन-चार लिटर पाणी देतो, जे आंघोळीला पुरेसे आहे, आणि त्यात दाबावर चालणारा स्विच असल्याने शॉवर बंद करताच तो स्वतःच थांबतो. बादलीत सोडलेल्या नळीच्या टोकाला बारीक जाळी लावावी, बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा आणि पलीकडच्या टोकाला मुठीवरच बंद-चालू बटण असलेला हँड शॉवर जोडावा. शौचालयातला जेट स्प्रेही चालतो, पण त्याची धार टोचते. शॉवरची भोके फार बारीक असतील तर पंप देतो तितके पाणी बाहेर पडत नाही आणि तो टक-टक करत सतत बंद-चालू होत राहतो. अशा वेळी थोड्या मोठ्या भोकांची चकती लावली की आवाज थांबतो. जोडणी झाल्यावर एक लिटरचे माप आणि मोबाइलमधील घड्याळ घेऊन प्रवाह मोजावा. माप वीस सेकंदांत भरले तर मिनिटाला तीन लिटर.

गरम पाण्याच्या बाबतीत झटपट गॅस गीझर बसवण्याचा विचार सोडून द्यावा. बंद व्हॅनमध्ये त्याच्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो, हे एकच कारण पुरेसे आहे. दुसरे कारण पाण्याचे : असे गीझर पेटण्यासाठी ठरावीक किमान प्रवाह लागतो, त्यामुळे कमी धारेवर ते विझतात आणि प्रत्येक बंद-चालूला मधे गार पाण्याचा झोत येतो, जो वायाच जातो. त्यापेक्षा पातेल्यात दोन लिटर पाणी उकळीपर्यंत आणावे आणि बादलीतल्या साडेचार लिटर पाण्यात ओतावे. थंडीच्या सकाळी टाकीतले पाणी १८ अंशांवर असेल तर मिश्रण सुमारे ४२ अंशांवर येते, म्हणजे आंघोळीला छान कढत. शेगडी पेटवताना मात्र खिडकी आणि छताची खिडकी दोन्ही उघडी हवीत. विजेवर हेच करायचे तर दोन लिटर पाणी १८ अंशांवरून ९५ पर्यंत नेण्यास जवळपास ०.१८ युनिट वीज लागते. इन्व्हर्टरमधील घट धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती १६ ते १७ अँपिअर-तास खाते. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि छतावर सौर पॅनेल असेल तर एकाची आंघोळ निभावते, दोघांची रोज निभावेलच असे नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत छतावर काळी ४ इंची नळी बसवणे यापेक्षा स्वस्त पडते. दोन मीटर लांबीत साधारण १५ लिटर पाणी मावते आणि दुपारच्या उन्हात ते फुकट तापते. अट एवढीच की आंघोळ संध्याकाळी करावी लागते, आणि ज्यांचा दिवस आंघोळीशिवाय सुरू होत नाही त्यांना ही अट पटत नाही.

आंघोळीची जागा गाडीच्या आत करायची झाल्यास फायबरचा दोन बाय दोन फुटांचा ट्रे पुरतो. त्याला एकच मोरी ठेवू नये. गाडी मुक्कामाला सपाट जागी क्वचितच उभी राहते, म्हणून तिरक्या रेषेतल्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत निचरा ठेवला की उतार कोणत्याही बाजूचा असला तरी पाणी सहसा साचत नाही. घरच्यासारखा पाणी अडवणारा सापळा प्रवासात हिसक्यांनी रिकामा होतो आणि सांडपाण्याचा वास आत येतो. त्याऐवजी सिलिकॉनच्या पडद्याची एकतर्फी झडप बसवावी.

आंघोळीची रीत अशी : बटण दाबून अर्धा मिनिट अंग भिजवावे आणि पाणी बंद करावे. ओल्या पंचाने अंग चोळून मग थोडाच साबण लावावा, कारण स्वच्छ व्हायला पाणी कमी लागते, फेस काढायलाच जास्त लागते. नंतर दीड मिनिटात वरून खाली धुवावे. मिनिटाला तीन लिटरप्रमाणे हे सहा लिटर होतात आणि अर्धा लिटर पायांना उरतो. लांब केस धुवायचे असतील त्या दिवशी आणखी तीन-चार लिटर धरावेत. उटणे लावून करायचे अभ्यंगस्नान घरीच बरे.

पाणी कुठून भरायचे याचाही विवेक हवा. निघताना टाकी घरूनच भरावी. मार्च ते मे या काळात सह्याद्रीच्या माथ्यावरील आणि मराठवाड्यातील अनेक गावे टँकरवर अवलंबून असतात. तेथे आंघोळीसाठी पाणी मागणे शोभत नाही, कोणी आदराने देऊ केले तरी घेऊ नये. किनाऱ्यालगतच्या बोअरचे पाणी पुष्कळदा मचूळ असते, त्यात साबणाला फेस येत नाही आणि अंग चिकट राहते, म्हणून ते भांडी विसळण्यापुरतेच ठेवावे. सांडपाण्यासाठी ४० लिटरची वेगळी टाकी असावी. ती तलावाच्या काठी, ओढ्यात किंवा कास पठारासारख्या ठिकाणी कदापि रिकामी करू नये. शहरात परतल्यावर गटाराच्या जोडणीत सोडावी. अगदीच इलाज नसेल तर थोडे-थोडे पाणी कोणत्याही जलसाठ्यापासून किमान ६० मीटर दूर, मुरणाऱ्या जमिनीवर पसरावे.

सहल संपली की टाकी पूर्ण उपसून झाकण उघडे ठेवावे. पुढच्या वेळी भरण्याआधी ४ ते ५ टक्क्यांचे, सुगंध न मिसळलेले सोडियम हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) लिटरमागे १ मिलिलिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून टाकी भरावी, पंप चालवून ते नळीतही खेळवावे, काही तास तसेच ठेवावे आणि नंतर क्लोरीनचा वास जाईपर्यंत साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढावे.