बांधावरचा तरवड: बी मृगात टाका, पण आधी कवच फोडा

शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदरचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. इथल्या मुरमाड बांधावर पाणी न घालता वर्षानुवर्षे टिकणारे पिवळ्या फुलांचे झुडूप म्हणजे तरवड. घटाच्या माळेला लागणारी ही फुले आता अनेक गावांत शोधावी लागतात. बांध जेसीबीने घासले, तसा तरवडही गेला. तो परत आणायचा तर तयारी रोहिणीतच करावी.

तरवड उगवत नाही अशी तक्रार असते. दोष बहुतेक वेळा बियाच्या कवचाचा असतो. कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही, त्यामुळे तसेच पेरलेले बी पुढच्या पावसापर्यंतही पडून राहते. शेंगांमधले बी काढून आधी गार पाण्यात टाका. तरंगणारे बी बहुधा भुंगेऱ्याने पोखरलेले असते, ते काढून टाका. मग बियांच्या पाचपट पाणी उकळून भांडे चुलीवरून उतरवा, चार-पाच मिनिटे थांबून त्यात बी घाला आणि रात्रभर तसेच निवू द्या. बी पाण्यात उकळू मात्र नका, आतला कोंब मरतो. सकाळी जे फुगले ते पेरणीचे. न फुगलेले बी डोळ्याची बाजू सोडून पॉलिश पेपरवर हलके घासा आणि पुन्हा भिजवा.

फुगलेले बी त्याच दिवशी ओल्या जमिनीत गेले पाहिजे. म्हणून मृगाचा दमदार पाऊस होऊन वीतभर ओल उतरेपर्यंत बी भिजवूच नका. एका सरीवर पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर कोंब जागीच सुकतो.

बांधाच्या उतारावर तीन-तीन फुटांवर कुदळीने माती मोकळी करून प्रत्येक जागी तीन बिया सुमारे एक सेंटिमीटर खोल टाका. महिन्याभराने जोमदार एकच रोप ठेवा. शेणखत, युरिया काही नको. काळ्या चोपण जमिनीत, पाणी तुंबते तिथे, मुळे कुजतात. ती जागा सोडाच. पिशवीतले रोप लावायचे असेल तर ते लहान असतानाच लावा. सोटमूळ लवकर खाली जाते आणि पिशवीच्या तळाशी वेटोळे घालते. असे रोप पहिल्या उन्हाळ्यातच माना टाकते.

पहिल्या पावसाळ्यात पंधरा दिवस उघडीप पडली तर रोपाला तांब्याभर पाणी द्या. पुढे गरज नाही. शेळ्या-गुरे याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्या पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, झाड पुन्हा पालवते. फुलांत मध नसतो, पराग असतो. तो झटकून घ्यायला मोठे काळे भुंगे येतात.

शेंगा वाळून तपकिरी, कागदासारख्या झाल्या की पुढच्या वर्षीचे बी धरा. त्यानंतर झुडूप गुडघ्याएवढे ठेवून छाटा, बुंध्यातून नवे फुटवे येतात. छाटलेला पाला शेतात गाडता येतो. मात्र मुळांवर नत्राच्या गाठी नसतात, तेव्हा गिरिपुष्पासारखी (हिरवळीच्या खताचे झाड, ग्लिरिसिडिया) नत्राची अपेक्षा ठेवू नका. कातडी कमावण्यासाठी साल वापरतात, पण उभ्या झाडाची साल गोलाकार सोलली की झाड वाळते.

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याभोवती चिंकारा चरतो तसे चांगले गवताळ माळ जिथे आहेत, तिथे तरवड मुद्दाम लावू नका. तिथे गवतच हवे. तरवडाची जागा उघडा पडलेला बांध, नालाकाठ आणि रस्त्याकडेचा मुरूम.