नागपूरजवळ तलावाकाठी विनामूल्य मुक्काम: जागा कशी निवडावी

नागपूरच्या आसपास तलावांची वाण नाही. रामटेकजवळचा खिंडसी, पारशिवनी तालुक्यातला नवेगाव खैरीचा जलाशय, उमरेडकडचा मकरधोकडा, हिंगण्यापलीकडचा मोहगाव झिलपी ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत, आणि थोडे पूर्वेला सरकले की तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जाणारा भंडारा सुरू होतो. मात्र तंबूसाठी आखून दिलेली, नळ आणि शौचालय असलेली आणि तरीही एक पैसा न घेणारी जागा या परिसरात शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी पडते. आपल्याकडे विनामूल्य मुक्काम याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की, ज्याच्या ताब्यात तो काठ आहे त्याने आपल्याला रात्रभर राहू दिले. म्हणून तलाव किती देखणा आहे हा प्रश्न शेवटी विचारावा. काठ कोणाचा आहे, हा आधी.

या प्रश्नाचे उत्तर वन विभाग असे आले, तर विनामूल्य मुक्कामाचा विचार तिथेच सोडून द्यावा. तोतलाडोहचा विस्तीर्ण जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, बोर धरणाला लागून बोर व्याघ्र प्रकल्प आहे आणि नवेगाव बांधच्या तलावाभोवती राष्ट्रीय उद्यान आहे. अशा संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय पाऊल टाकणे हाच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा ठरतो, मग तिथे झोपण्याची गोष्ट दूरच. अभयारण्याच्या बाहेरचे जंगलही मोकळे असते असे नाही. राखीव वनात आग पेटवण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे. काठावर वन विभागाचा फलक किंवा सीमेचे खांब दिसले की गाडी वळवावी. पेंचचा महाराष्ट्रातील भाग जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या काळोख्या आकाशाचे क्षेत्र, म्हणून जाहीर झाला, त्यामुळे ताऱ्यांच्या ओढीने तिकडे जाण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तो मोह रीतसर आरक्षण करून आणि पैसे भरूनच पुरवावा.

दुसरा प्रकार पाटबंधारे प्रकल्पांच्या जलाशयांचा. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचते तिथवरची जमीन सामान्यतः प्रकल्पासाठी संपादित केलेली असते. हिवाळ्यात पाणी मागे हटल्यावर उघडी पडणारी ती रुंद, सपाट पट्टी बेवारस वाटते, पण ती तशी नसते. अनेक ठिकाणी या गाळपेर जमिनीवर आसपासचे शेतकरी पीक घेतात आणि रात्रीच्या अंधारात कोवळ्या हरभऱ्यावर तंबू ठोकणाऱ्या शहरी पाहुण्यांविषयी त्यांचे मत फारसे चांगले होत नाही. अशा ठिकाणी धरणाच्या उपविभागीय कार्यालयात किंवा निदान धरणावरच्या चौकीदाराकडे आधी चौकशी करावी. नवेगाव खैरीतून नागपूर शहराला पिण्याचे पाणी मिळते, हे लक्षात घेता तिथे साबण लावून आंघोळ करणे किंवा भांडी विसळणे म्हणजे आपल्याच घरच्या नळात घाण सोडणे होय.

धरणाच्या भिंतीवर, सांडव्याच्या तोंडाशी आणि भिंतीखालच्या नदीपात्रात मुक्काम करू नये, मग परवानगी कोणी दिली तरीही. दरवाजे रात्री उघडले जाऊ शकतात आणि कोरड्या पात्रातील वाळू कितीही मऊ असली तरी ती पाण्याची वाट आहे. सांडव्याचा धाक नागपूरकरांना वेगळा सांगायला नको: १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी घरात शिरले.

तिसरा प्रकार गावतलावांचा आणि पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या तलावांचा, ज्यांना सरकारी कागदांतही ‘मामा तलाव’ म्हटले जाते. विनामूल्य मुक्कामासाठी या तीन प्रकारांत ही जागा सर्वांत आशादायक आहे, कारण इथे परवानगी देणारा माणूस गावातच भेटतो. लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात आणि मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे. त्यामुळे सरपंच किंवा ग्रामपंचायत सचिव, पोलीस पाटील आणि मच्छीमार संस्थेचा एखादा सदस्य या तिघांच्या कानावर घातल्याशिवाय तंबू उघडू नये. पोलीस पाटलाला आपली नावे, गाडीचा क्रमांक आणि परतीची वेळ लिहून दिली, तर रात्री टॉर्च घेऊन विचारपूस करायला कोणी आले तरी दोन वाक्यांत काम भागते. मच्छीमारांशी बोलण्याचा आणखी एक फायदा असा की, पाणी कुठे एकदम खोल होते, गाळ कुठे आहे, जाळी कुठे लावली आहेत आणि शिंगाड्याचे वेल कुठपर्यंत पसरले आहेत, हे त्यांच्याइतके अचूक कोणीच सांगू शकत नाही. त्यांच्याकडून सकाळचे मासे विकत घ्यावेत, गावातल्या एखाद्या घरी भाकरी सांगावी आणि तिचे रास्त पैसे द्यावेत. जागेचे भाडे नाही म्हणून गावात एकही रुपया खर्च न करता परतणे मला योग्य वाटत नाही.

यांहूनही भरवशाचा मार्ग म्हणजे ओळखीच्या माणसाचे तलावाला लागून असलेले शेत. नागपुरात क्वचितच असे घर सापडेल, ज्याच्या नात्यागोत्यात काटोल, कळमेश्वर, कुही किंवा मौद्याकडे कोणाचे शेत नाही. विहीर असते, मोटरपंपाचे पाणी असते, बहुतेकदा सावलीला एक खोली असते आणि मुख्य म्हणजे मालक कोण हा प्रश्नच उरत नाही. शंका असल्यास गट क्रमांक घेऊन सातबारा ऑनलाइन पाहून घ्यावा, म्हणजे शेजारचा तुकडा झुडपी जंगलाचा आहे की खासगी, तेही कळते. संत्र्याच्या बागेत राहायचे असल्यास फवारणी केव्हा झाली हे विचारावे आणि ताजी फवारणी असल्यास बेत पुढे ढकलावा. तोडणीच्या दिवसांत मजुरांची आणि गाड्यांची ये-जा पहाटेपासून सुरू होते, तेव्हा निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

काठ कोणाचा हे ठरल्यावर जमिनीकडे वळावे. आपल्याकडच्या काळ्या मातीविषयी जेवढी सावधगिरी बाळगावी तेवढी थोडीच. पाण्यालगतची काळी माती वरून वाळून भेगाळलेली दिसते, पण चार बोटांखाली ती ओली असते. त्यावर नेलेली गाडी रुतते आणि मग रविवारची सकाळ ट्रॅक्टर शोधण्यात जाते. अवेळी एक सर आली, तर सुकी पायवाटसुद्धा चिकट होऊन चपला ओढून घेते. म्हणून गाडी पक्क्या किंवा मुरमाच्या रस्त्यावरच ठेवावी आणि तंबूसाठी मुरमाड, किंचित उंचावरची, एका बाजूला हलका उतार असलेली जागा पाहावी. पाण्याच्या कडेपासून अंतर भरपूर असावे. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा सखल भागात साचते आणि काठावर दव इतके पडते की पहाटे तंबूचे कापड पिळता येते. पन्नास-साठ पावले वर सरकले तरी झोपेत फरक पडतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, आणि शहराबाहेरच्या मोकळ्या काठावर थंडी याहून बोचरी लागते. डिसेंबर-जानेवारीत जायचे असल्यास पातळ चादरीच्या भरवशावर राहू नये आणि अंगाखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई अवश्य घालावी, कारण खालून येणारी थंडी वरच्या दुलईने थांबत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. मार्चच्या अखेरीस दुपार असह्य होऊ लागते. मे महिन्याविषयी बोलण्याचेही कारण नाही. पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे टाळण्यामागे पुराखेरीज आणखी एक कारण आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि लगतच्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. हा आजार गवताझुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होतो. त्यामुळे उंच गवतात बसू किंवा झोपू नये, पायघोळ कपडे घालावेत, आणि परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर आपण बाहेर मुक्कामाला गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

झाड निवडताना वर पाहण्याची सवय ठेवावी. वाळलेली फांदी तर टाळावीच, पण जांभूळ, पिंपळ किंवा वडावर आग्या मोहोळ लोंबत असेल, तर तिथून बरेच दूर जावे. चुलीचा धूर त्या माशांना चवताळण्यास पुरेसा होतो. मोहाच्या झाडाखाली मार्च-एप्रिलमध्ये झोपू नये, कारण पहाटे गावकरी फुले वेचायला येतात आणि जंगलाजवळ असल्यास त्यांच्याही आधी अस्वल येते. वाघ-बिबट्यांविषयी नियम सोपा आहे: गावकरी जिथे संध्याकाळनंतर एकटे जात नाहीत, तिथे आपणही जाऊ नये. “इकडे जनावर आहे का?” एवढा प्रश्न गुराख्याला विचारला की पुरे, जनावर म्हणजे कोणते, हे इकडे स्पष्ट करावे लागत नाही. त्याने होकारार्थी मान हलवली तर फोटो कितीही चांगले येणार असले तरी जागा बदलावी.

सापांच्या बाबतीत तंबूची चेन हीच मोठी सुरक्षितता आहे. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश फारसा दुखत नाही आणि म्हणूनच झोपेत तो लक्षात न येण्याचा धोका असतो. जमिनीवर उघड्यावर अंथरूण टाकू नये आणि चेन दिवसाही बंद ठेवावी. जागा पक्की करताना जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि तिथे जाणारा रस्ता रात्री मोकळा असतो का, हे पाहून ठेवावे. मोबाइलला रेंज नसलेली जागा कितीही शांत असली तरी लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असताना निवडू नये. आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक रेंज असली तरच उपयोगाचे.

पाणी घरूनच न्यावे. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरले की वीस लिटरचा कॅन पाच जणांना एक दिवस पुरतो. तलावाचे पाणी गाळून उकळल्याखेरीज तोंडात घालू नये, आणि हिरवा साका धरलेले पाणी तर उकळूनही वापरू नये. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर करावा. सावजी रस्सा घरून डब्यात नेण्यास हरकत नाही, परंतु भांडी रात्री तशीच बाहेर ठेवल्यास गावातील कुत्री, कोल्हे आणि रानडुकरे या क्रमाने पाहुणे येतात. शौचासाठी पाण्यापासून निदान शंभर पावले दूर खड्डा खणावा आणि तो नंतर बुजवावा.

वेळेचे नियोजन यावर सगळे अवलंबून आहे. परवानगीचा फोन गुरुवारी किंवा शुक्रवारी करावा. शक्य असल्यास घरातल्या एकाने आदल्या आठवड्यात मोटारसायकलवर जागा पाहून यावी, आणि शनिवारी दुपारी तीनपर्यंत सर्वांनी तिथे पोचावे. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर अनोळखी काठावर जागा शोधणे धोक्याचे असते. कार्तिकी पौर्णिमेला रामटेकला मोठी गर्दी असते, तेव्हा तो शनिवार-रविवार खिंडसीसाठी वगळावा. पर्यायी मुक्काम आधीच ठरवलेला असावा: चार वाजेपर्यंत परवानगी देणारा भेटला नाही, किंवा काठावर दारूच्या बाटल्यांचा खच आणि ताज्या टायरांच्या खुणा दिसल्या, तर वाद न घालता रामटेक किंवा उमरेडला खोली घ्यावी, आणि तलाव सकाळी नाश्ता करून पाहायला जावे.