जुनी नॅरोबोट थेट मालकाकडून घेताय? आधी कागद बघा

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली आपली मंडळी घरभाड्याचे आकडे बघून हबकतात आणि कधी ना कधी विचारतात, कॅनॉलवर त्या लांबट रंगीत बोटी, म्हणजे नॅरोबोटी असतात, त्यातली एखादी जुनी घेऊन टाकली तर? विचार चुकीचा नाही. मी बरीच वर्षं मिडलंड्समध्ये राहते आणि नॅरोबोटीवर आनंदाने संसार करणारी कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. पण एजंट मध्ये न घेता थेट मालकाकडून जुनी बोट घ्यायची, तर भारतातून आलेल्या माणसाचा अंदाज एका ठिकाणी हमखास चुकतो.

मालकी कुठेतरी सरकारदरबारी नोंदलेली असते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. जमिनीला सातबारा, गाडीला आरसी बुक. नॅरोबोटीला असं सक्तीचं काहीच नाही. बोटीवर कॅनॉल सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेचा इंडेक्स नंबर असतो, पण तो कॅनॉलवर बोट ठेवायच्या लायसन्सपुरता. लायसन्स ज्याच्या नावावर, तोच मालक, असं त्यातून सिद्ध होत नाही. काही विक्रेते ब्रिटनच्या जहाज नोंदणीतल्या स्मॉल शिप्स रजिस्टरचा, म्हणजे पार्ट थ्रीचा, कागद पुढे करतात. तोही मालकीचा पुरावा नव्हे. मालकी आणि बोटीवरचं कर्ज या दोन्ही गोष्टी नोंदल्या जातात त्या पार्ट वन रजिस्टरमध्ये. तिथे बोटीचे 64 हिस्से धरतात, आणि विक्रेत्याकडे पूर्ण 64 आहेत ना, हे बघावं लागतं. पण कॅनॉलवरच्या बहुतेक बोटी या रजिस्टरवर नसतातच.

मग मालकी ठरते कशावरून? कागदांच्या साखळीवरून. बोट बांधणाऱ्याचं मूळ बिल, त्यानंतर दर विक्रीचं बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीपत्र, शेवटचं आज विकणाऱ्याच्या नावाने. समजा बोट 1993 ची आहे आणि मध्ये तीन मालक झाले. तर तीनही हस्तांतरणांचे कागद मागा. मधला एखादा गहाळ असेल तर त्या काळातलं मूरिंगचं, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेचं, बिल, इन्शुरन्सचं पत्र, इंजिन बदलल्याची पावती, असं काहीतरी मधली फट भरून काढणारं हवं. नावं ताडून बघा. बोटीचं नाव वाटेत बदललेलं असतं, हे इथे नेहमीचंच, पण मग जुनं नाव कुठल्या तरी कागदावर आलंच पाहिजे. इंजिनावरच्या पट्टीवरचा नंबर टॉर्च मारून स्वतः वाचा आणि पावतीशी जुळवा. विक्रेता घाई करत असेल तर आणखी सावकाश वाचा.

एवढी चिकाटी कशासाठी? इंग्लंडच्या कायद्यात, जे विकणाऱ्याचं नाही ते तो विकू शकत नाही. चोरीची बोट तुम्ही पूर्ण किंमत मोजून, अगदी सचोटीने घेतलीत, तरी खरा मालक उभा राहिला की बोट त्याची. तुमच्या हाती उरतो तो विक्रेत्यावर दावा, आणि तोवर त्याचा फोन बंद झालेला असतो. नवरा-बायकोच्या सामाईक मालकीची बोट एकट्याच्या सहीने विकली जाते, तेव्हाही हेच दुखणं. दोन नावं असतील तर दोन सह्या घ्या. मालक वारला असेल आणि मुलगा विकत असेल, तर त्याला तो अधिकार आहे हे दाखवणारं प्रोबेटचं पत्र मागा. मागायला संकोचू नका. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

बिल ऑफ सेलवर दोघांची पूर्ण नावं आणि पत्ते, बोटीचं नाव, लांबी, बांधणाऱ्याचं नाव आणि साल, इंडेक्स नंबर, हल नंबर (बोटीच्या सांगाड्याचा नंबर) असल्यास तो, इंजिन नंबर, किंमत आणि तारीख हवी. एक वाक्य त्यात असायलाच हवं: बोट विक्रेत्याच्या पूर्ण मालकीची आहे आणि तिच्यावर कसलंही कर्ज किंवा थकबाकी नाही. ते वाक्य लिहायला विक्रेता कां-कूं करत असेल, तर तिथून निघा.

थकबाकीचं मी मुद्दाम सांगते. माझ्या ओळखीच्या नाशिकच्या एका जोडप्याने बोट घेतली, पैसे दिले आणि किल्ल्या घेऊन मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या खाजगी धक्क्यावर, गेले, तर ऑफिसने बोट हलवू दिली नाही. आधीच्या मालकाने मूरिंगचे पैसे थकवले होते, आणि मरीनाच्या करारात थकबाकी फिटेपर्यंत बोट अडवून ठेवायचं कलम होतं. अशी कलमं बऱ्याच ठिकाणी असतात. तेव्हा पैसे देण्याआधी मरीनाच्या ऑफिसात विक्रेत्याला बरोबर घेऊन जा आणि बाकी काही नाही, असं ईमेलवर लिहून घ्या. ट्रस्टने त्या बोटीवर सेक्शन 8 ची, म्हणजे बोट पाण्यातून हलवण्याची, नोटीस काढली आहे का, हेही विक्रेत्याला लेखी विचारा.

बोटीच्या वयाचा कायद्याशी थेट संबंध आहे. 16 जून 1998 पासून नव्या बोटींना युरोपीय नियमांनुसार सीई खूण, हल नंबर, बांधणाऱ्याची पट्टी, मालकासाठीचं मॅन्युअल आणि अनुरूपतेचं, म्हणजे नियम पाळल्याचं, घोषणापत्र लागू झालं. त्याआधी वापरात आलेल्या बोटींना हे लागत नाही. म्हणून 1998 च्या आसपासची बोट असेल तर साल नुसतं तोंडी ऐकू नका, बांधणीचा कागद बघा. नंतरची असेल तर 14 अक्षर-अंकांचा हल नंबर बोटीवर आणि कागदावर एकच आहे ना, हे तपासा.

आता बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट. ते चार वर्षांचं असतं आणि त्याशिवाय लायसन्स मिळत नाही. पण त्यात गॅस, इंधन, वायरिंग, आग, कार्बन मोनॉक्साइड एवढंच तपासतात. तळाचं पोलाद किती गंजलंय, हे त्यात कोणी बघत नाही. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घ्यावी लागते. तळ 10 मिलिमीटर, बाजू 6 आणि केबिन 4 ही नेहमीची मापं. जुन्या बोटींचा तळ बांधतानाच यापेक्षा पातळ असू शकतो. तळ 4 मिलिमीटरच्या खाली गेला की बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या हात आखडता घेतात. सर्व्हेअर तुम्ही नेमा, पैसे तुम्ही द्या. विक्रेत्याकडचा जुना रिपोर्ट वाचायला ठीक, पण तो दुसऱ्यासाठी केलेला असतो आणि चुकला तरी तुम्हाला सर्व्हेअरला जबाबदार धरता येत नाही. इसार देताना पावतीवर ‘सर्व्हे समाधानकारक असल्यास’ अशी अट लिहून घ्या.

दुकानातून घेतलेल्या वस्तूला मिळणारं ग्राहक संरक्षण खाजगी विक्रीला नाही. बोट चांगल्या दर्जाची असलीच पाहिजे, अशी अट विक्रेत्यावर नसते. पण केलेल्या वर्णनाशी ती जुळली पाहिजे, आणि खोटं सांगून विकलं तर 1967 च्या मिसरिप्रेझेंटेशन ॲक्टखाली दाद मागता येते. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि मेसेज जपून ठेवा. प्रश्न फोनवर विचारलात तरी उत्तर मेसेजवर मागा.

लायसन्स बोटीबरोबर तुमच्या नावावर येत नाही, ते नव्याने काढावं लागतं. मूरिंगही बहुधा येत नाही, जाहिरातीत कितीही सुंदर जागेचा फोटो असला तरी. स्वतःचं मूरिंग नसेल तर 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टप्रमाणे सतत फिरत राहावं लागतं, एका जागी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मुलांची शाळा किंवा ठरलेलं ऑफिस असेल तर हे फार जड जातं. मूरिंग मिळालंच, तर करारात राहायची परवानगी आहे का ते वाचा. फक्त सहलीपुरती मूरिंग्ज पुष्कळ असतात. वर्क व्हिसावर असाल तर आणखी एक अडचण आहे: स्पॉन्सर कंपनीला तुमचा राहता पत्ता नोंदीत ठेवावा लागतो, आणि तुमच्या ई-व्हिसाच्या खात्यातही तो बरोबर हवा. पत्त्याचं काय करायचं, हे बोट घेण्याआधी एचआरशी बोलून ठरवा.

पैसे रोख देऊ नका. बँकेतून पाठवताना खात्याचं नाव बिल ऑफ सेलवरच्या नावाशी जुळतंय का, हे बँकेचं ॲपच दाखवतं. न जुळल्यास तिथेच थांबा. दोघांनी बोटीवर बसून सह्या करायच्या, पैसे जमा झाल्याचं विक्रेत्याने बिलावर लिहायचं, मग किल्ल्या. इन्शुरन्स त्याच दिवसापासून सुरू करा, कारण सही झाल्या क्षणापासून बोट बुडाली तरी ती तुमची. सगळ्या जुन्या कागदांच्या मूळ प्रती ताब्यात घ्या आणि स्कॅन करून एक संच बोटीबाहेर, एखाद्या मित्राच्या घरी ठेवा.