कोंबड्यांना लस टोचण्याआधी: बर्फ आहे का?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत मानमोडी आली. माझ्या ३१ कोंबड्या, सगळ्यांना लस टोचलेली, तरी १२ गेल्या. टोचली की पायाला चिंधी बांधायची असं ठरवलं होतं. लाल चिंध्या संपल्यावर निळ्या बांधल्या. लाल चिंधीच्या जवळजवळ सगळ्या वाचल्या. निळीच्या एकेक करून माना पिळवटून पडल्या. लस तीच, सुई तीच. फरक एवढाच की निळ्यांची पाळी येईपर्यंत विरघळवलेली लस अडीच तास माझ्या पिशवीत, उन्हात होती. दवाखान्यातून घरापर्यंत बर्फात आणली आणि विरघळवल्यावर बर्फ ओट्यावर विसरले. यंदा पुन्हा टोचायची आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

आधी टोचायची का ते ठरवा. कोंबड्या मोकळ्या फिरत असतील, शेजारच्यांच्या तुमच्या उकिरड्यावर येत असतील, घरात बाजारातून जिवंत कोंबडी येत असेल, तर टोचा. गावठीला काही होत नाही, हे ऐकत बसू नका. मानमोडी म्हणजे राणीखेत. रोग विषाणूचा, लागल्यावर औषध नाही. हिरवी पातळ हगवण, चोच उघडून श्वास, लुळा पाय दिसायला लागला की लसीची वेळ टळलेली असते. टोचल्यावरही अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मर शेजारच्या गावात पोचायची वाट बघू नका.

कधी टोचू नये? कोंबडी सुस्त असेल, पिसं फुलवून बसली असेल, तेव्हा. राखणेला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला, बोललेला कोंबडा पुढच्या तीन आठवड्यांत कापायचा असेल तर त्याला वगळा. आणि बर्फ नसेल तर कुणालाच टोचू नका. लस फुकट मिळाली असली, शेजारच्या काकी तयार होऊन बसल्या असल्या, तरी त्या दिवशी नको.

कुपी बहुधा १०० डोसांची असते. तुमच्या १५-२० कोंबड्यांसाठी ती फोडली की उरलेली फेकायचीच, उद्यासाठी ठेवता येत नाही. तेव्हा चार घरं आधीच गोळा करा, प्रत्येकाकडून आकडा घ्या. शेजारच्या कोंबड्या तशाच राहिल्या तर रोग कुंपणापलीकडे टपलेलाच राहतो, हाही मुद्दा आहेच. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध पाजून घ्या.

आता बर्फ. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बंदरावर माशांच्या पेट्यांसाठी फोडलेला बर्फ मिळतो, मासेवालीला आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरच्या फ्रिजवर विसंबू नका, आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. रुंद तोंडाचा थर्मास घ्या. कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फात, आणि लसीची भुकटी विरघळवायचं सोबतचं द्रावणही थंडच. ते गरम असेल तर लस त्यात पडताक्षणी मरायला लागते.

आणि विरघळवल्यावर? तेव्हाही बर्फातच! माझी चूक इथेच झाली. कोरडी भुकटी त्यातल्या त्यात तग धरते, विरघळवलेली लस धरत नाही. तासाभरात, फार तर दोन तासांत संपवा. कुपी थर्मासमध्ये, थर्मास सावलीत, थर्मास धरायला एक पोरगं. त्या पोराला दुसरं काम सांगायचं नाही. सिरिंजमध्येही पाच-सहा कोंबड्यांपुरतीच भरा.

दुपारी आगरभर कोंबड्यांमागे धावण्यात माझा सगळा वेळ गेला. तिन्हीसांजेला त्या आपणहून खुराड्यात शिरतात, दार लावायचं आणि टॉर्चच्या उजेडात एकेक काढायची. चार घरं असतील तर घरागणिक नवी कुपी फोडू नका, आधी सगळ्यांना आपापली खुराडी बंद करायला सांगा आणि मगच लस विरघळवा.

मोठ्यांना आर-टू-बी नावाची लस, पंखाखालच्या कातडीखाली अर्धा मिली. ही ६ आठवड्यांखालच्या पिल्लांना मुळीच नको, ती त्यांना झेपत नाही. पिल्लांना आठवड्याची झाल्यावर लासोटा ही दुसरी लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. पुढचा डोस कधी ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून कॅलेंडरवर लिहा. सुया, सिरिंज उकळून गार करा. डेटॉल, साबण लावू नका, लस जिवंत असते आणि ती त्यानं मरते. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी मी उठवत नाही, तिला पुढच्या फेरीत.

नंतर हात धुवा, डोळे चोळू नका, माणसाचे डोळे येतात. दोन-चार दिवस कोंबडी मंदावते, अंडी कमी होतात, घाबरू नका. रिकाम्या कुपीत उरलेली लस उकळून मग पुरा. बाजारातली नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी. देवीची लस वेगळी, बर्ड फ्लूवर ही चालत नाही. पटापट मरायला लागल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा.

मासेवालीला फोन आजच करा.